सोमवारी काढणे

इंदिरा नगरातल्या शेजारणींना चारुलता देवस्थळी नेमकं काय काम करते, हे सव्वीस वर्षांत कळलेलं नाही. 'भाभीजी इंटरनेट में हैं' एवढं त्यांना ठाऊक. कुणाच्या घरचं वायफाय बंद पडलं की पहिली बेल हिच्याच दाराची वाजते. ही बाईही अशी, की गॅस बंद करून जाते, त्यांच्या कपाटामागे हात घालून वायफायचा डबा बंद करते, मनातल्या मनात तीस आकडे मोजते, चालू करते आणि परत येते. त्यावर तिला चहा मिळतो, मान मिळतो, आणि तिला पगार ह्याच कामाचा मिळतो अशी सगळ्यांची समजूत आहे.

खरं काम वेगळं. मिरजेची मुलगी, सांगलीला इलेक्ट्रॉनिक्स शिकली, रेल्वेतल्या सिग्नल इंजिनिअरशी लग्न करून लखनऊत आली, आणि दोन नोकऱ्या बदलून एका संस्थेच्या नेटवर्कची प्रमुख झाली. ही संस्था जिल्ह्याजिल्ह्यांतल्या लहान आरोग्य केंद्रांना लखनऊच्या मोठ्या डॉक्टरांशी व्हिडिओनं जोडते. खेड्यातला पेशंट तिकडे पडद्यासमोर बसतो, डॉक्टर इकडे बसतात, आणि मधल्या शे-दीडशे किलोमीटरच्या तारा, टॉवर, राउटर हे सगळं लचांड चारुलताच्या गळ्यात. चालतं तोवर तिचं नाव कुणाला आठवत नाही. अडलं की सगळ्यांना तोंडपाठ.

तिला एक व्यसनही आहे. एका यंत्रानं दुसऱ्या यंत्राशी कोणत्या रीतीनं बोलायचं, त्याला प्रोटोकॉल म्हणतात. हे प्रोटोकॉल ठरवणारी जगभरची एक मंडळी आहे आणि तिची चर्चा ईमेलवर बारा महिने चालते. तिथं कुणीही शिरू शकतं. मतदान नाही, कुणाचा शब्द शेवटचा नाही. सभेत एखादी सूचना पटली तर लोक तोंड मिटून 'हम्म' असं गुणगुणतात, आणि कोणत्या बाजूला जास्त घुमलं त्यावरून कल ठरतो. चारुलता अशा सभेला एकदाच जाऊन आली, पण आल्यावर रविवारच्या नाश्त्याचा निर्णयही गुणगुणून घ्यायचा असा तिनं घरात कायदा केला. नरहर, म्हणजे तिचा नवरा, पोह्यांसाठी इंजिनाच्या भोंग्यासारखा गुणगुणायचा. मुलगी सृष्टी म्हणायची, "मम्मी, यार, नॉर्मल लोगों की तरह पूछ लो ना." शेवटी पोहेच व्हायचे.

त्या ईमेलच्या आखाड्यात चारुलताचं एक जुनं भांडण होतं. प्रोटोकॉल रचणाऱ्यांचं म्हणणं असं, की दोघांचं बोलणं दोघांतच राहावं. मधल्या तारवाल्यांना त्यातलं काहीही दिसू नये, पाकिटावरचा पत्ता सोडून. तारवाले म्हणायचे, आम्हाला काहीच दिसलं नाही तर बिघाड शोधायचा कसा, जपमाळ ओढून? चारुलता स्वतः तारवाली. पण दुसऱ्याची पत्रं फोडायची तिला मनापासून किळस. म्हणून तिचं म्हणणं मधलं होतं, आणि मधलं म्हणणाऱ्याला दोन्हीकडून रट्टे बसतात. तिचा पक्ष एवढाच होता, की सगळं झाका, फक्त एक खूण उघडी ठेवा. एकच बिट. संदेश जाऊन परत आला, की ती खूण पालटते. शून्याची एक होते, एकाची शून्य. मधल्याला ती पालटायला किती वेळ लागला तेवढं दिसतं. कोण बोललं, काय बोललं, काही नाही.

ही कल्पना तिच्या आधी इतरांनीही मांडली होती आणि शेवटी ती नव्या प्रोटोकॉलमध्ये आलीही, पण ऐच्छिक म्हणून. ठेवायची तर ठेवा. त्या वादात फिनलंडच्या एका म्हाताऱ्या इंजिनिअरनं लिहिलं होतं, 'मधल्या लोकांना जे दाखवाल त्यावर ते नियम बांधतात, आणि एकदा बांधलेला नियम त्यांच्यातला कुणीही पुन्हा सोडत नाही. त्या नियमांवर डोकं आपटून आमचे नवे प्रोटोकॉल मरतात.' चारुलताला हे फार लागलं. तिनं सणसणीत उत्तर धाडलं होतं, की आम्ही नियम हौसेनं बांधत नाही, आणि आपला कचरा आपण उचलतो. म्हाताऱ्यानं पुढे काही लिहिलं नाही. ह्या गोष्टीला सात वर्षं झाली, तरी बाईंचा राग गेलेला नव्हता.

गेल्या हिवाळ्यात संस्थेनं व्हिडिओचं ॲप बदललं. पुण्याच्या एका छोट्या कंपनीनं केलेलं, ह्याच नव्या प्रोटोकॉलवर चालणारं, कड्याकुलुपांनी पुरतं बंद. बाकी जिल्हे खूश. सीतापूरच्या पुढच्या एका कस्ब्याचं केंद्र मात्र हट्टाला पेटलं. चित्र थिजायचं, आवाज तुटायचा, डॉक्टरचं 'कैसी हैं आप' तिकडे पोचेपर्यंत पेशंट उठायच्या बेतात. चारुलतानं तारा तपासल्या, टॉवर तपासले, यंत्राला हाक मारली की ते चटकन ओ देत होतं. पडद्यावरचे सगळे दिवे हिरवे. आणि आत काय चाललंय ते बघावं, तर आतलं दिसत नव्हतं.

त्या केंद्राच्या पेशंटशी मंगळवारी आणि शुक्रवारी बोलायच्या त्या डॉक्टर मनीषा खापर्डे. मनाच्या आजारांच्या डॉक्टर, मूळच्या नागपूरच्या, लखनऊच्या छावणी भागात राहणाऱ्या. हे काम सुरू करताना त्यांनी चारुलताला समोर बसवून विचारलं होतं, "चारूताई, ह्या बाया मला जे सांगतात ते त्यांनी आईलाही सांगितलेलं नसतं. मधे कोणी ऐकणार नाही ना?" चारुलतानं शब्द दिला होता. कागदावर नाही, तोंडी. मिरजेकडे त्याला जास्त किंमत असते.

संस्थेचे डायरेक्टर इंद्रजित श्रीवास्तव हे माणूस वाईट नव्हते, घाईचे होते. हज़रतगंजच्या कचेरीत त्यांनी चारुलताला बोलावलं. "मिसेज देवस्थळी, मंत्रालय से रोज़ फ़ोन आ रहा है. या तो फ़ॉल्ट ढूँढिए, या फिर हम वो बक्सा लगवा लेते हैं."

बक्सा म्हणजे मधे बसवायची एक पेटी. एका कंपनीचा माणूस महिनाभर तिची माहितीपत्रकं वाटत होता. ती प्रत्येक संभाषणाचं कुलूप मधेच उघडते, आत बघते, पुन्हा कुलूप लावून पुढे धाडते. कुठं अडतंय ते मग लख्ख दिसतं. पेशंटच्या तोंडचा शब्द न् शब्दही दिसतो.

"सर, उसमें डॉक्टर-पेशेंट की सारी बातें खुल जाएँगी," चारुलता म्हणाली.

"हमारे ही लोग देखेंगे. कोई बाहर वाला थोड़े है." त्यांनी कॅलेंडरवर बोट ठेवलं. "सोमवार को मीटिंग है. तब तक आपके पास कुछ हो तो बताइए, नहीं तो मैं साइन कर दूँगा."

तो बुधवार होता. चारुलता मेट्रोनं घरी आली. बाहेर कोहरा, म्हणजे इथलं धुकं, इतका, की समोरची इमारत पुसून गेल्यासारखी. नरहर कामावरून दोन तास उशिरा आला. गाड्या रखडल्या होत्या. जेवताना तिनं सगळं सांगितलं.

"अहो, दिलेला शब्द मोडायचा म्हणजे काय? आणि नाही मोडला, तर त्या बायांचा आवाज असाच तुटणार. दोन्हीकडून मरण माझंच."

नरहरनं वरणभात कालवत थोडा विचार केला. "आमच्याकडे बघ. गाडी स्टेशनातून गेली की स्टेशनमास्तर काय बघतो? शेवटच्या डब्यामागचा लाल दिवा. दिवा दिसला म्हणजे गाडी अख्खी आली, मधे डबा सुटला नाही. आत कोण बसलंय, कुठं चाललंय, कुणाच्या पिशवीत काय आहे, ह्याच्याशी त्याला देणंघेणं नाही. ह्या कोहऱ्यातसुद्धा शेकडो गाड्या त्या एका दिव्यावर चालल्यात. तुझं ते एक बिट म्हणजे दुसरं काय?"

"आहे ना. पण पुण्याच्या त्या पोरांनी ते बंद ठेवलंय."

"मग उघडायला सांग की. सात वर्षं जगाशी भांडलीस, पुण्याशी भांडायला काय होतंय?"

गुरुवारी सकाळी तिनं पुण्याला फोन लावला. ॲपचं काम बघणारा अभिराम तिशीतला, हुशार आणि तत्त्वाचा पक्का. तो म्हणाला, "मॅडम, मधल्यांना काही दाखवायचं नाही हेच तर आमचं डिझाइन आहे. आज एक बिट म्हणाल, उद्या दोन."

"अभिराम, आज एक बिट दिलं नाहीस ना, तर सोमवारी इथं सगळं उघडणारी पेटी बसेल. मग तुझं डिझाइन भिंतीवर लाव फ्रेम करून."

त्यानं विचारलं, "पण पेशंटना विचारलंय का?"

हा प्रश्न चारुलताला आवडला. तिनं तो डॉक्टरांकडे नेला. मनीषाताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "त्या खुणेवरून कोण बोलतंय, काय बोलतंय हे कळेल?"

"नाही. बोलणं जाऊन यायला किती वेळ लागला, तेवढंच."

"तेवढं तर मलाही इथं बसून कळतं," डॉक्टर म्हणाल्या. "मी पेशंटना सांगते. त्या चालेल म्हणाल्या तर चालेल."

शुक्रवारी तीन बाया आल्या. तिघींना डॉक्टरांनी समजावून विचारलं, तिघी हो म्हणाल्या. अभिरामनं त्या केंद्रापुरतं ते बिट उघडलं. चारुलतानं वाटेत तीन ठिकाणी मोजायची सोय करून ठेवली होती. शनिवारी दुपारी रिकाम्या कचेरीत बसून तिनं आकडे वाचायला घेतले.

लखनऊ ते सीतापूर, चुटकीसरशी. सीतापूर ते कस्बा, तसंच. कस्ब्यातल्या राउटरच्या एका दारातून आत, दुसऱ्या दारातून बाहेर, आणि त्या दोन दारांच्या मधे सव्वा सेकंद. तारा शाबूत, टॉवर शाबूत, आणि घरातल्या घरात सव्वा सेकंद कुठं जात होता?

तिनं त्या राउटरची नियमांची यादी उघडली. सहाशेच्या वर ओळी. चारशेच्या पुढे कुठंतरी एक ओळ होती, की यूडीपी जातीची सगळी वाहतूक एका अरुंद रांगेतून सोडावी. यूडीपी म्हणजे पाकिटांचा एक हलका प्रकार. पूर्वी त्या रस्त्यावर तो नावापुरताच असायचा. नवा प्रोटोकॉल मात्र सगळा त्याच्याच पाठीवर बसून येतो. म्हणजे बोलणं येत होतं आणि त्या बोळात एकामागे एक उभं राहत होतं. यंत्राला मारलेली हाक दुसऱ्या जातीची, ती मोकळ्या रस्त्यानं जायची, म्हणून दिवे हिरवे. आणि ह्या बोळाची गर्दी मॉनिटरच्या पडद्यावर कधी जोडलीच गेली नव्हती.

ओळीच्या शेवटी टीप होती. इंग्रजी अक्षरांत, पण मराठी. 'तात्पुरतं. सोमवारी काढणे. चा. दे.'

चारुलतानं ती तीनदा वाचली. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

अकरा वर्षांपूर्वीचा शुक्रवार होता. बाहेरून कुणीतरी त्या कस्ब्यावर यूडीपीच्या कचऱ्याचा लोंढा सोडला होता आणि केंद्र बुडायची वेळ आली होती. तिनं ही ओळ घालून ते वाचवलं. तेव्हा शाबासकीही मिळाली होती. सोमवारी काढू म्हणाली होती. शनिवारी पहाटे मिरजेहून फोन आला, बाबा गेले. ती सोमवारी मिरजेत होती, त्याच्या पुढच्याही सोमवारी, आणि परत आली तेव्हा तो सोमवार डोक्यातून साफ पुसला गेला होता. मधल्या काळात ते यंत्र दोनदा बदललं. जुन्याचे नियम नव्यात जसेच्या तसे उतरवायचे ही ह्या धंद्यातली रीतच, कारण न कळणारी ओळ काढायची हिंमत कुणाला होत नाही. हिंदीभाषक सहकाऱ्यांनी ती टीप मॅडमचं काहीतरी म्हणून देवासारखी जपली. आणि दुसऱ्या वेळी तर स्वतः मॅडमनीच न वाचता उतरवली.

तिला त्या फिनलंडच्या म्हाताऱ्याचं वाक्य आठवलं आणि कानशिलं तापली. आपला कचरा आपण उचलतो, असं ठणकावून लिहिलं होतं तिनं. तेव्हासुद्धा ही ओळ इथंच बसलेली होती.

ओळ काढायला दहा सेकंद पुरले असते. कुणाला पत्ता लागला नसता. नोंदी ठेवायचं कामही तिचंच. तिचं बोट त्या कळेपर्यंत गेलं हे तिनं नंतर नवऱ्यालाही सांगितलं. पण मुकाट्यानं काढली असती तर साहेब म्हणाले असते, आपोआप सुधारलं, उद्या आपोआप बिघडेल, बक्सा घेऊन ठेवू. अब्रू वाचली असती आणि शब्द गेला असता. रविवारी केंद्र बंदच असतं. तिनं ती ओळ तशीच ठेवली.

"बाबा गेले होते, ते सांग की मीटिंगमध्ये," नरहर रविवारी म्हणाला. "माणसं समजून घेतात."

"बाबांना मधे आणायचं नाही," ती म्हणाली. त्या दिवशी पोहे की उपमा हे कुणी गुणगुणलं नाही. सृष्टीनं न विचारता पोहे केले, आणि मीठ जास्त झालेलं कुणी बोललं नाही.

सोमवारच्या बैठकीला साहेब, हिशेब बघणारे एक गृहस्थ आणि चारुलताच्या हाताखालचे तिघे इंजिनिअर, एवढेच होते. टेबलावर बक्स्याचा कागद सहीसाठी तयार. चारुलतानं मोठ्या पडद्यावर कस्ब्याच्या केंद्रातली नर्स आणली. नर्स "नमस्ते मैडम" म्हणाली ते तीन तुकड्यांत आलं आणि चेहरा हात जोडलेल्या अवस्थेत थिजला. मग चारुलतानं बाजूला नियमांची यादी लावली, ती ओळ दाखवली, टिपेचा अर्थ हिंदीत सांगितला. ओळ कुणाची, कधीची, तेही सांगितलं. का राहिली ते सांगितलं नाही. फक्त "मेरी भूल है" म्हणाली. आवाज किंचित हलला, पण तुटला नाही.

नंतर सगळ्यांच्या देखत तिनं ओळ काढली.

पडद्यावरच्या नर्सनं हात खाली घेतले. तिच्यामागे कुणीतरी दार उघडलं, ते कुरकुरलेलंही ऐकू आलं. "अब साफ़ है, मैडम?" तिनं विचारलं, आणि शब्द ओठांबरोबर आले.

साहेबांनी खुर्ची पडद्याकडून तिच्याकडे वळवली. "ग्यारह साल, मिसेज देवस्थळी?"

"ग्यारह साल, सर."

"आप चुपचाप हटा सकती थीं."

"हटा देती तो आप बक्सा ले आते."

साहेबांना हसू आलं असावं, ते त्यांनी खोकून झाकलं. चारुलताच्या त्या गुणगुणणाऱ्या सभांच्या गोष्टी त्यांच्याही कानावर होत्या. त्यांनी टेबलाभोवती नजर फिरवली. "अच्छा, तो बक्से के पक्ष में कौन है? जो आपके यहाँ करते हैं, वही करके बताइए."

सगळे एकमेकांकडे बघत राहिले. हिशेबवाल्यांच्या खुर्चीचं चाक तेवढं कुरकुरलं. गुणगुणलं कुणीच नाही.

साहेबांनी तो कागद सही न करता परत पाकिटात घातला. "चेतावनी का लेटर तो देना पड़ेगा," ते म्हणाले.

"द्या... दीजिए, सर," चारुलता म्हणाली. पत्र दोन दिवसांनी आलं आणि तिच्या फाइलीत लागलं. सव्वीस वर्षांतलं पहिलं. वाईट वाटलंच, खोटं कशाला बोला. पण त्याच आठवड्यात तिनं तिन्ही इंजिनिअरना बसवून सगळ्या जिल्ह्यांच्या याद्या चाळल्या, आणि 'टेम्पररी' लिहिलेल्या एकेचाळीस ओळी सापडल्या. पैकी चौदा तिच्या. आता तात्पुरत्या ओळीला मरणाची तारीख लिहिल्याशिवाय यंत्र ती घेतच नाही.

फिनलंडलाही तिनं पत्र लिहिलं. सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हटलं, की तुम्ही बरोबर होतात, पण तुमच्याच लोकांनी नाखुशीनं ठेवलेल्या त्या एका बिटानं माझी चूक मला दाखवली, तेव्हा निम्मं मीही बरोबर होते. उत्तर चार तासांत आलं. म्हाताऱ्यानं लिहिलं होतं, 'निवृत्त होताना मी माझ्या जुन्या विद्यापीठाच्या राउटरमध्ये माझीच एक तात्पुरती ओळ सोडून आलोय. सतरा वर्षांची. उद्या फोन करतो.'

मंगळवारी, म्हणजे त्या बैठकीच्या दुसऱ्याच दिवशी, संध्याकाळी घरचा फोन वाजला होता. डॉक्टर मनीषा होत्या.

"चारूताई, तिकडची एक बाई आज चाळीस मिनिटं बोलली. दोन महिने येत होती, पाच मिनिटांत उठून जायची. आवाज तुटला की सगळं पहिल्यापासून सांगावं लागायचं ना, ते तिला जमायचं नाही."

चारुलतानं गॅस बारीक केला.

"आज तुटला का मधे?" तिनं विचारलं.

"एकदाही नाही."

"बरं झालं," चारुलता म्हणाली. ती बाई काय बोलली, ते तिनं विचारलं नाही आणि डॉक्टरांनीही सांगितलं नाही.